माळ्यावरचा तांब्याचा हंडा

भंगारवाल्याकडे जाताना चांगली साडी नेसू नये, हा या धंद्यातला माझा पहिला धडा. साडी चांगली दिसली की भाव चढतो, आणि भाव नाही चढला तरी जळमटं अंगावर चढतात. म्हणून माझी एक ठरलेली साडी आहे, विटलेली, चॉकलेटी रंगाची. ती नेसून मी फाटकाबाहेर पडले की जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या गल्लीतल्या बायकांना कळतं, आज स्वारी शिकारीला निघाली.

शिकार म्हणजे चिनी मातीच्या बरण्या, पितळी पानाचे डबे, अडकित्ते, क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, वायरच्या पिशव्या. आमच्या आयांनी हौसेनं केलेलं आणि जमवलेलं, आणि आम्ही सुनांनी तितक्याच हौसेनं घराबाहेर काढलेलं सगळं. घरातलं पितळ मोडीत घालून स्टीलचे डबे आणणाऱ्या पिढीतली मीही एक. आता तेच पितळ मोडवाल्याकडून परत आणते, त्याचे फोटो फोनवर टाकते आणि पुण्या-बंगळूरच्या पोरींना विकते. देवाला विनोदबुद्धी आहे, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही.

सुरुवात लेकीनं करून दिली. ती पुण्याला नोकरीला असते. एका दिवाळीत साफसफाईला आली आणि माळ्यावरचा गंजका कंदील तिनं गच्चीत नेऊन, आंब्याच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून, त्याचा फोटो काढला. तासाभरात त्या कंदिलासाठी तीन माणसं भांडायला लागली. मला वाटलं ही थट्टा करते आहे. पण पैसे खरोखर आले, कंदील खरोखर नाशिकला गेला, आणि त्या दिवसापासून मला शेजाऱ्यांच्या माळ्यांकडे बघायची खोड लागली ती लागलीच.

आमच्या ह्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. लोक म्हणतील, साहेबांना पेन्शन पुरत नाही म्हणून बायको भंगार विकते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, लोकांना बोलू द्या, बोलून बोलून दमले की बरणी घेऊन येतील विकायला. तसंच झालं. आणि हळूहळू हेही ओढले गेले. आधी नुसते खुर्चीवर बसून माझ्या गाठींना नावं ठेवायचे, मग उठून स्वतः सुतळी ओढायला लागले. आता पार्सल बांधायचं खातं पूर्ण त्यांच्याकडे आहे. वर्तमानपत्राचे बोळे, जुनी चादर, पुठ्ठा, सुतळी, अशी ती बांधणी असते की घेणाऱ्याला भांड्यापर्यंत पोहोचायला अर्धा दिवस लागावा.

वस्तूखालचा मजकूरही तेच लिहितात. "सदर बरणी सुस्थितीत असून झाकणास किरकोळ टवका गेलेला आहे. तरी खरेदीदाराने नोंद घ्यावी." लेक म्हणाली, बाबा, असं कोणी लिहितं का? पण गिऱ्हाइकांना तेच आवडलं. एका मुलीनं तर कळवलं की तिला बरणी नको होती, मजकुरासाठी घेतली. त्या दिवशी हे घरात नेहमीपेक्षा जरा ताठ चालत होते.

मी बाहेरगावी माल बघायला गेले की दुकानातूनच त्यांना फोटो पाठवते आणि ते घरबसल्या शेरा मारतात. "हरकत नाही." "नामंजूर." "फेरविचार व्हावा." चाळीस वर्षं लोकांच्या अर्जांवर जे लिहिलं तेच आता माझ्या अडकित्त्यांवर लिहितात. पण नजर पक्की आहे. फोटोतला केसाएवढा तडा त्यांना दिसतो आणि मला हातात धरूनही दिसत नाही.

चुकाही केल्या आम्ही. पहिलं पितळी पातेलं मी चिंच आणि राख लावून असं लखलखीत घासलं की आरशासारखं तोंड दिसावं. पुण्याच्या बाईंनी ते परत पाठवलं. त्यांना काळपट हवं होतं. दुसऱ्याच्या घरी मळकं भांडं पाठवायचं म्हणजे माझ्या अगदी जिवावर आलं, दोन दिवस मी त्या बाईंच्या आईनं त्यांना काय शिकवलं असेल याचाच विचार करत होते. दुसरी चूक मी अजूनही करते. भांडं रिकामं द्यायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. शेजारणीची वाटी परत करायची तर त्यात चिमूटभर साखर तरी घालायची. मग कुणाच्या घरी कायमचं जाणारं भांडं रिकामं कसं धाडू? मी प्रत्येक भांड्यात मूठभर ज्वारी घालते, फडक्यात बांधून. बंगळूरच्या एका मुलानं विचारलं, हे भांडं फुटू नये म्हणून आहे, की पेरायचं आहे? मी म्हटलं, बाळा, भाकरी करून खा. त्यानं चक्क पेरली, आणि कुंडीतल्या कोवळ्या ताटांचा फोटो पाठवला. मी तो गल्लीभर दाखवला.

आमची खरी चलती झाली ती मात्र नावांच्या भांड्यांमुळे. पूर्वी लग्नात भांडं दिलं की त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घ्यायचे, अमुक हिस तमुककडून. असं नाव घातलेलं भांडं दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही म्हणून मोडवालाही नाक मुरडतो. पण काही भांडी अशी निघाली की त्यांवर नुसतं "मामाकडून" किंवा "मावशीकडून सप्रेम" एवढंच. कोरणावळ अक्षरामागे असायची, तेव्हा एखाद्या चिक्कू मामानं भाचीचं नाव गाळून काम स्वस्तात उरकलं असणार. तर अशा भांड्यांवर लोकांच्या उड्या पडायला लागल्या. मामा भाचीसाठी घेतो, मावशी भाच्यासाठी घेते, आणि एका मुलानं तर स्वतःच स्वतःसाठी घेतलं, कारण त्याला मावशी नव्हती. मी त्या पार्सलात ज्वारीच्या दोन मुठी घातल्या.

या सगळ्या आनंदात एकच खडा होता, आणि तो आमच्या घरातलाच होता. आमच्या अक्का, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, सहा वर्षं आमच्या घराची पायरी चढल्या नव्हत्या.

अक्का धुळ्याला असतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड पीठ मळता येत नव्हतं. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा घाटा मी पहिल्याच वर्षी करपवला, तेव्हा सासूबाई यायच्या आत अक्कांनी तो भरभर गुरांना घालून दुसरा चढवला आणि वर सगळ्यांना सांगितलं की नवी सून हाताला फार चलाख आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या झोक्यावर त्या गाणी म्हणायला लागल्या की चार घरांतल्या बायका जमायच्या. मला सख्खी बहीण नाही. अक्का होत्या, त्यामुळे कधी उणीव जाणवली नाही, आणि त्या येईनाशा झाल्या तेव्हा फार जाणवली.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. आमच्या खानदेशात आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, पण अशा उठून येत नाहीत. त्यांना घ्यायला माहेरचं माणूस जातं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की लेकीनं पिशवी उचलायची, तो येईपर्यंत दारात डोळे लावून बसायचं. हे शाळेत होते तेव्हापासून अक्कांचे मुराळी. टोपी घालून, एकटे बसनं जायचे आणि बहिणीला घेऊन यायचे. पुढे आईवडील गेले, जळगावला बदली झाली, तरी आखाजी चुकली नाही.

मग आम्ही मेहरूणला घर बांधलं. वास्तुशांतीच्या आधी आठ दिवस ह्यांच्या डोक्याला नुसता भुंगा. लाइटवाला येत नव्हता, फरशी ओली होती, आचारी आजारी पडला. त्या गडबडीत ह्यांनी बहिणीला फोनवर पत्रिका पाठवली, वर एक फोन केला, ये म्हणाले, आणि कामाला लागले. घ्यायला कोणी गेलं नाही. मीही मध्ये बोलले नाही, मला वाटलं भाचा आणून सोडेल. अक्का आल्या नाहीत. हे दिवसभर फाटकाकडे बघत होते, आणि संध्याकाळी म्हणाले, तिला आपलं घर झालेलं बघवलं नाही.

भांड्याला भांडं लागणारच, पण इथे आवाजसुद्धा झाला नाही. नुसतं बोलणं बंद. राखी दरवर्षी टपालानं यायची, आत चिठ्ठी नसायची. हे ती माझ्याकडून बांधून घ्यायचे आणि रंग जाऊन दोरा तुटेपर्यंत मनगटावर ठेवायचे. पण तिकडे जायचं नाव काढलं की म्हणायचे, तासातासाला बस आहे, आता काय बैलगाडी जुंपून जाऊ? मी दोन-तीनदा एकटी जाऊन आले. अक्कांनी पुरणाचे मांडे वाढले, माझी ओटी भरली आणि निघताना म्हणाल्या, "तू रोज ये, तुनं घर शे. पन मी येसू ते भाऊ लेवाले येई तवयच." मी घरी येऊन सांगितलं, भाऊ घ्यायला आला तरच येईन म्हणतात, तर हे भडकले. अट घालते होय, म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो इकडेही जळेना आणि तिकडेही.

आणि आता लेकीचं लग्न ठरलं होतं. दिवाळी झाली की हळद. लेकीनं पुण्याहून बजावलं, पहिली हळद आत्यानं लावायची, आत्या नसेल तर मी पाटावर बसणार नाही. तिचं आणि आत्याचं गूळपीठ लहानपणापासूनचं, आणि हट्टही दोघींचा सारखाच. पत्रिका छापून आल्या. मी ह्यांना म्हटलं, पहिली पत्रिका घेऊन तुम्ही धुळ्याला जा. तर म्हणाले, तिची पत्रिका फोनवर पाठवून देऊ, तिला यायचंच नसेल तर जाऊन काय उपयोग? वास्तुशांतीलाही तिला यायचं नव्हतंच.

मला इतका संताप आला की मी चॉकलेटी साडी नेसले आणि धुळ्याची बस धरली. डोकं तापलं की मी भंगार बघायला जाते. काही बायका देवळात जातात.

धुळ्याच्या जुन्या बाजारात भांड्यांची एक गल्ली आहे. तिथल्या एका दुकानात माझ्या सासूबाई भांडी घ्यायच्या, त्यांच्या सासूबाईही तिथूनच. दुकानात आता नाना बसतात, वय झालेलं, पण आवाज खणखणीत. पुढे सगळं स्टील आणि कुकर. मागे लाकडी शिडी आणि वर माळा, त्यावर न खपलेला पितळ-तांब्याचा माल. मी तिथे वर्षभर जात होते, पण कोणाच्या घरची ते सांगितलं नव्हतं. सासरचं नाव सांगितलं की नाना भाव करू देणार नाहीत, घरच्या सुनेशी कसला भाव, म्हणतील, आणि मग मलाही घासाघीस करायची लाज वाटेल. घासाघीस नसेल तर त्या खरेदीत काय राम? नानांसाठी मी जळगावची बाई, बस्स.

त्या दिवशी दिवाळीची आवराआवर निघाली होती आणि माळ्यावरचा माल नाना खाली काढत होते. मी सकाळीच पोहोचले, भवानीच्या वेळेला. पहिलं गिऱ्हाईक दुकानदार रिकाम्या हातानं जाऊ देत नाही, हा माझा दुसरा धडा. एक सुंदर बरणी मिळाली, पिवळ्या गळ्याची. एक अडकित्ता मिळाला, मोराच्या आकाराचा. दोन्हींचे फोटो ह्यांना पाठवले. लगेच शेरे आले. बरणी, हरकत नाही. अडकित्ता, धार बोथट, नामंजूर.

मग मी पदर खोचून शिडी चढले. नानांना ते आवडत नाही, पण वर काय आहे ते स्वतः बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोपऱ्यात, गोणपाटाखाली, एक तांब्याचा हंडा होता. जुना नव्हता. कधी चुलीवर चढला नव्हता की पाण्याला गेला नव्हता, कोरा करकरीत, नुसता काळवंडलेला. पण विशेष म्हणजे त्यावर धूळ नव्हती. बाकी माळाभर बोट बुडेल एवढी धूळ आणि हा हंडा पुसलेला. मी तो उजेडाकडे वळवला. गळ्याखाली ठिपक्यांची अक्षरं होती. पहिला शब्द माझ्या नवऱ्याचं नाव. त्याच्या पुढे, "यांच्या नव्या घरास अक्काकडून."

मी शिडीच्या वरच्या पायरीवरच बसले. खालून नाना विचारत होते की बाई, चक्कर आली का, आणि मी पुन्हा पुन्हा तीच अक्षरं वाचत होते.

मी हंडा खाली आणला. नानांनी बघितलं आणि माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "हाऊ हंडा इकाना नई शे, बाई."

मी म्हटलं, तुमच्या माळ्यावर पडलेला माल विकायचा नाही तर काय करायचा? तेव्हा त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या. अर्धा दिवस बसून त्यांनी हंडा निवडला, प्रत्येक हंडा वाजवून बघितला. भावानं घर बांधलंय, त्या घरातलं पहिलं पाणी बहिणीच्या हंड्यात भरलं पाहिजे, म्हणाल्या. नाव कोरायला समोर बसल्या, अक्षर वाकडं होऊ नये म्हणून. पैसे चुकते केले. नाना म्हणाले, पोऱ्याला सांगून घरी पोहोचवतो. तर नको म्हणाल्या. उद्या भाऊ मला घ्यायला येतोय, जाताना इथूनच उचलून नेऊ, जड आहे, तोच उचलेल. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. आठ-दहा दिवसांनी नानांनी निरोप पाठवला. बाईंचा उलटा निरोप आला, राहू द्या तिथेच, भाऊ आला की नेईन. तेव्हापासून दर दिवाळीला नाना हंडा पुसतात आणि परत वर ठेवतात. नाव कोरलेलं भांडं, ज्याचं नाव आहे तो माणूस हयात असेपर्यंत विकायचं नाही की वितळवायचं नाही, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम.

मी दुकानातल्या स्टुलावर बसून रडले. खरं सांगायचं तर हुंदके देऊन रडले, पुढे कुकर घ्यायला आलेलं जोडपं घाबरून निघून गेलं. ज्या बाईला आमचं घर बघवत नाही असं आम्ही सहा वर्षं धरून चाललो होतो, ती त्या घरासाठी हंडे वाजवत अर्धा दिवस बसली होती. मग मी नानांना सांगितलं की यावर नाव आहे ना, तो माणूस माझा नवरा. ताकाला जाऊन वर्षभर भांडं लपवलं होतं ते असं बाहेर आलं. नाना म्हणाले, असं असेल तर हंडा तुमचाच, पैसे तर कधीच मिळाले आहेत, घेऊन जा.

माझे हात पुढे झाले होते. एवढा सुबक हंडा, आणि फुकट, माझ्यासारखीला आवरणं कठीण. पण मी हात मागे घेतले. हा हंडा मी घेऊन जाण्यासाठी नव्हताच. मी नेला असता तर तो नुसता हंडा झाला असता.

मग मी जे रोज करते तेच केलं. हंडा उजेडात ठेवला, अक्षरं नीट येतील असा फोटो काढला आणि ह्यांना पाठवला. बरणी आणि अडकित्त्याच्या खाली, त्याच रांगेत. वर एक अक्षर लिहिलं नाही. लिहायला गेले असते तर दोन टोमणे नक्की मारले असते आणि सगळं बिनसलं असतं.

फोटो त्यांनी बघितला, तशी खूण आली. शेरा आला नाही. मी वाट बघितली. हरकत नाही, नामंजूर, फेरविचार व्हावा, काहीच नाही. फोन लावला तर वाजत राहिला, उचलला नाही. नानांनी चहा मागवला. मी चहा प्यायले, पुन्हा फोन लावला, तो बंद. आता मात्र वाटलं, आपण भलतंच केलं. एकटा माणूस घरी, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा. शेजारणीला फोन केला. तिनं जाऊन बघितलं आणि सांगितलं, दाराला कुलूप आहे. साहेब रिक्षात बसून गेले, घाईत होते, आणि डोक्यावर टोपी होती.

ती टोपी हे फक्त लग्नाकार्यात घालतात, आणि पूर्वी बहिणीला आणायला निघताना घालायचे. मी शेजारणीला दोनदा विचारलं, नक्की टोपी? ती म्हणाली, पांढरी, कडक इस्त्रीची.

मग दुपार कशी गेली ते विचारू नका. मी नानांचं अर्धं दुकान आवरून दिलं. बरण्या आकारानं लावल्या, झाकणं ज्याची त्याला बसवली, दोन गिऱ्हाइकांना कुकर विकले, आणि एका बाईला स्टीलचं घेऊ नका, पितळेचं घ्या, असा सल्ला दिला, त्यावर नानांनी डोळे वटारले. प्रत्येक वेळी गल्लीच्या तोंडाशी पांढरं काही दिसलं की मी उठायची. एकदा दूधवाला होता, एकदा बकरी. बस पारोळ्याला पोहोचली असेल, आता स्टँडवर उतरले असतील, आता रिक्षा, आता अक्कांचं दार. त्या दारात काय झालं असेल ते काही माझ्या डोळ्यांपुढे येईना. अक्कांनी दार लावून घेतलं तर? हे दारातच भांडायला लागले तर? दोघांनाही मी ओळखते.

उन्हं कलली तेव्हा ते आले. आधी मला टोपी दिसली. मग काखेत अक्कांची कापडी पिशवी धरलेले हे, आणि त्यांच्या दोन पावलं पुढे अक्का. ठेवणीतली हिरवी साडी, केसांत अबोलीचा गजरा. साठी उलटलेली बाई, पण चाल अशी की आखाजीला निघाली आहे. हे मागून मुकाट्यानं चालत होते, शाळेतल्या पोरासारखे. दोघांचे डोळे लाल होते आणि दोघंही काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं दुकानांच्या पाट्या वाचत येत होते.

मी स्टुलावरून उठले. चॉकलेटी साडीत, केसांत जळमटं, हातात एका बरणीचं झाकण. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तू आठे काय करी राहिनी?" मी म्हटलं, भांडी बघत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

अक्का पुढे झाल्या. दोन्ही हात काउंटरवर ठेवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाना, मन्हा हंडा द्या. भाऊ लेवाले उना शे."

नाना हंडा घेऊन आले. अक्कांनी पदरानं अक्षरं पुसली, एकदा बोटानं वाजवून आवाज तसाच आहे का बघितलं, आणि भावाकडे वळल्या. ह्यांनी पिशवी माझ्याकडे दिली होती आणि दोन्ही हात पुढे करून ते उभे होते. हंडा खरंच जड होता. तो हातात आल्यावर डोळे पुसायला त्यांच्याकडे हातच उरला नाही, तेव्हा टोपी सावरायच्या निमित्तानं अक्कांनीच ते पुसले.